बेटावरची सुट्टी आणि न दिसणारे धोके

बेटावर सुट्टीला जायचे म्हटले की शार्क मासे आणि विषारी साप यांची भीती वाटते. प्रत्यक्षात प्रवाशाला त्रास होतो तो बहुधा निराळ्याच गोष्टींचा. गंमत अशी, की त्यांतल्या बऱ्याच गोष्टी अगदी निरुपद्रवी दिसतात. आपल्या अंदमान बेटांचे उदाहरण घेऊन यामागचे विज्ञान समजावून घेऊ.

गार वारा, कडक ऊन

श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, सुमारे ११.७ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, तर तेथे सुमारे पंचावन्न अंशांवर. सूर्य जितका वर, तितका किरणांचा वातावरणातला मार्ग कमी आणि तितके जास्त अतिनील किरण जमिनीवर पोहोचतात. हे किरण त्वचेला जाणवत नाहीत. शिवाय समुद्रावरचा वारा उष्णता वाहून नेतो, त्यामुळे भाजत असल्याचे कळतच नाही. आग सुरू होते ती संध्याकाळी. कोरडी वाळूही सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, म्हणून नुसती छत्री पुरत नाही. दुपारी सावलीत राहावे, लांब बाह्यांचे कपडे व रुंद काठाची टोपी घालावी. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

शांत पाण्याचा पट्टा

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या बांधात खिंड असेल तर तेथून ते जोराने समुद्राकडे धावते. खिंडीत पाणी खोल असल्यामुळे तेथे लाटा फुटत नाहीत. साहजिकच दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत पट्टा दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो! यालाच रिप करंट म्हणतात. त्याचा वेग कधी सेकंदाला २ मीटरपर्यंत जातो, म्हणजे २५ सेकंदांत ५० मीटर. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो उलट पोहून थकल्यामुळे. प्रवाहात सापडल्यास घाबरू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग तिरके किनाऱ्याकडे यावे. दमल्यास तरंगत राहून हात वर करावा. पाहणाऱ्यांनीही मागोमाग उडी न घेता जीवरक्षकाला बोलवावे आणि तरंगणारी वस्तू फेकावी.

खाडी आणि डबकी

खारफुटीच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. गढूळ, स्थिर पाण्यात त्या ओळखू येत नाहीत. सूचनाफलक लावलेल्या जागी पाण्यात पायही घालू नये.

डासांचेही तसेच. तेथे हिवताप पसरवणारा ॲनोफेलिस सुंडाइकस हा डास मचूळ पाण्यात अंडी घालतो, म्हणून ओहोटीनंतर साचलेली डबकीही त्याला चालतात. हा रात्री चावतो, तेव्हा मच्छरदाणी हवी. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो. नारळाच्या करवंटीतले पाणीही त्याला पुरते. घरी परतल्यावर काही आठवड्यांनीही ताप आला, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती जरूर सांगावी.

समुद्र मागे सरला तर?

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ९.१ क्षमतेचा भूकंप झाला. अंदमान-निकोबारला त्सुनामीने झोडपले. त्याच सकाळी अंदमान समुद्राच्या पलीकडे, थायलंडच्या फुकेत बेटावर, एक दहा वर्षांची ब्रिटिश मुलगी आईवडिलांबरोबर किनाऱ्यावर होती. पाण्याला चमत्कारिक फेस येत होता. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिने हेच चिन्ह शिकले होते. तिने हट्टाने आईवडिलांना सावध केले, किनारा रिकामा करण्यात आला आणि तेथे कोणाचाही बळी गेला नाही.

त्सुनामीपूर्वी कधी समुद्र दूरवर मागे सरतो, तर कधी काहीच सूचना देत नाही. म्हणून किनाऱ्यावर जोराचा किंवा बराच वेळ टिकणारा भूकंप जाणवला, किंवा पाणी अचानक ओसरले, तर उघडे पडलेले शिंपले वेचायला धावू नये. भोंग्याची वाट न पाहता उंचावर जावे आणि सुरक्षित असल्याची सूचना मिळेपर्यंत उतरू नये, कारण दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते.

सहलीची बॅग भरताना टोपी आणि पाण्याची बाटली घ्याच. भूगोलाच्या तासाला शिकलेले मात्र घरी विसरू नका.