पडणारच आहे, पण कधी? दुधाच्या दाढेच्या खोल किडीबद्दल

“दुधाचीच दाढ आहे, पडणारच आहे. कशाला उगाच खर्च?” जावळी तालुक्यात, मेढ्याच्या पेठेपासून शिवसागराकाठच्या बामणोलीपर्यंत, हे वाक्य घराघरांत बोललं जातं. बोलणारी आजी किंवा आई निष्काळजी नसते. मुलांचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागून पडलेले तिनं पाहिलेले असतात आणि तोच हिशेब ती दाढेला लावते. चूक होते ती इथे.

पुढचे दात लवकर पडतात हे खरं आहे. पण दुधाची पहिली दाढ साधारण ९ ते ११ व्या वर्षी पडते आणि दुसरी १० ते १२ व्या वर्षी. म्हणजे चार वर्षांच्या मुलीची मागची दाढ किडली, तर त्या दाढेचं निदान सहा वर्षांचं काम अजून शिल्लक आहे. एवढा काळ त्या मुलीला भाकरी चावायची आहे आणि रात्री झोपायचं आहे. शिवाय त्या दाढेखाली पक्का दात तयार होत असतो आणि त्याची जागा दाढ धरून ठेवते. ती फार लवकर काढली, तर मागची दाढ पुढे सरकते. मग खालून येणारा दात वाकडा येतो, नाहीतर हिरडीतच अडकून राहतो. दाढ काढावीच लागली, तर रिकामी जागा राखणारी तारेची पट्टी बसवायची का, हे त्याच भेटीत डॉक्टरांना विचारायला हवं.

याहून महाग पडणारा गैरसमज दुसराच आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, चार नव्या दाढा येतात. दात पडलेला नसल्यामुळे त्याही दुधाच्याच असाव्यात, असं घरच्यांना वाटतं. त्या पक्क्या असतात आणि आयुष्यभर पुरायच्या असतात. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या अगदी मागच्या दाढेत काळा खड्डा दिसला आणि घरात कुणी “पडेल ती” म्हणालं, तर पक्की दाढ हातची जाण्याची ही सुरुवात असू शकते.

दुधाच्या दातात कीड एवढ्या झपाट्यानं खोल का जाते? त्यावरचं टणक आवरण पक्क्या दाताच्या मानानं निम्मंच जाड असतं आणि आतली नस पृष्ठभागाच्या जास्त जवळ असते. वरून टिकलीएवढा खड्डा दिसतो, तोवर आत बरंच पोखरलेलं असतं. म्हणून दाढ किती बिघडली आहे हे नुसतं पाहून ठरत नाही, एक्स-रे लागतो. त्यात किडीची खोली, मुळांची अवस्था आणि खालच्या पक्क्या दाताची स्थिती दिसते. दाताच्या एक्स-रेमधला किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो. त्या भीतीनं तो टाळू नये.

दुखण्याची तऱ्हाही बरंच सांगते. गार पाणी लागलं किंवा घास अडकला की कळ येते आणि लगेच जाते, तेव्हा नस बहुधा अजून जिवंत आणि सावरण्यासारखी असते. कारण नसताना दुखतं, मूल रात्री झोपेतून रडत उठतं, तेव्हा नस आत सुजलेली असते. आणि मग एक दिवस दुखणं थांबतं. घरचे निश्चिंत होतात, साताऱ्याला जायचं रद्द होतं. मला सगळ्यात जास्त काळजी याच टप्प्याची वाटते. बऱ्याचदा दाढ बरी झालेली नसते, तर नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, पण जंतुसंसर्ग मुळांवाटे हाडात उतरतो. काही आठवड्यांनी हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते.

अशा वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून दिलं, की सूज उतरते आणि “गोळीनं बसलं” असं वाटतं. पण मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे औषध तिथवर पोचत नाही. संसर्गाचं मूळ दाढेत तसंच राहतं. तिथे डॉक्टरांच्या हातचंच काम लागतं, नस साफ करणं किंवा दाढ काढणं. संसर्ग बराच काळ राहिला, तर खाली घडत असलेल्या पक्क्या दाताच्या आवरणावर पिवळा-तपकिरी डाग किंवा खळगा कायमचा राहू शकतो. गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला, जबड्याखाली सूज आली, ताप भरला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

“एवढ्याशा पोराला रूट कॅनॉल? डॉक्टरला पैसे काढायचेत.” हा संशय मोकळेपणानं समजून घ्यायला हवा, कारण उपचाराची कल्पना नसली की तो येणारच. कीड नसेजवळ पोचली आहे, पण नस निरोगी आहे, अशा वेळी डॉक्टर कधी कधी अगदी खोलचा थोडा किडका भाग मुद्दाम तसाच ठेवतात आणि त्यावर औषध घालून दात घट्ट बंद करतात. बाहेरचं अन्न तुटलं की ती कीड थांबते. कीड नसेपर्यंत गेली असेल, पण बिघाड वरच्या भागापुरता असेल, तर पल्पोटॉमी करतात. दाढेच्या डोक्यातला नसेचा भाग काढायचा आणि मुळांतली जिवंत नस तशीच राखायची. वरचा भाग काढल्यावर रक्त काही मिनिटांत थांबलं, तर उरलेली नस चांगली आहे असं समजतात आणि तिच्यावर औषधी सिमेंट घालतात. रक्त थांबतच नसेल किंवा नस मेलेली असेल, तर मुळांपर्यंतची सगळी नस काढावी लागते. ती पल्पेक्टॉमी.

मोठ्यांचं रूट कॅनॉल आणि हे, यांत एक महत्त्वाचा फरक आहे. मोठ्यांच्या मुळांत कायम टिकणारा पदार्थ भरतात. दुधाच्या दाढेची मुळं मात्र पुढे विरघळायची असतात, म्हणून त्यांत विरघळणारी पेस्ट भरतात. त्यामुळे “रूट कॅनॉल केलं तर दात पडायचाच नाही” ही भीती बाळगायला नको. वर बसवलेली स्टीलची कॅपही दाढेबरोबरच पडून जाते, वेगळी काढावी लागत नाही. कॅप चांदीसारखी दिसते म्हणून काही पालक ती नाकारतात. पण नस काढलेली दाढ ठिसूळ होते आणि नुसत्या सिमेंटवर फार दिवस टिकत नाही.

प्रत्येक दाढेला एवढं करावं लागतं असंही नाही. स्कॉटलंडमधल्या नोर्ना हॉल या दंतवैद्य बाईंच्या नावानं ओळखली जाणारी एक पद्धत आहे. तीत ना ड्रिल, ना इंजेक्शन. किडीवर थेट स्टीलची कॅप चिकटवतात आणि कीड आत कोंडून टाकतात. मात्र नस निरोगी असेल तरच ती चालते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध कीड थांबवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्यानं किडलेला भाग काळाकुट्ट होतो, हे आधीच माहीत असावं. दुखरी, पू झालेली दाढ त्यानं बरी होत नाही. आणि कधी कधी दाढ काढणं हाच योग्य उपाय असतो. मुळं बरीच विरघळली असतील, संसर्ग खालच्या दातापर्यंत पोचला असेल किंवा दाढ पडायला थोडेच महिने उरले असतील, तर वाचवण्याचा हट्ट डॉक्टरांनीही धरू नये.

वरची दाढ काढल्यानं किंवा तिथे इंजेक्शन दिल्यानं नजर कमी होत नाही. दाताची आणि दृष्टीची नस वेगळी असते. जपायचं ते वेगळंच. भूल दिल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर असतो आणि मूल तो नकळत चावून जखम करून घेतं. तेवढा वेळ लक्ष ठेवा.

रिंगणीच्या बियांची धुरी घेतली की दातातून अळ्या पडतात, असं जुनी माणसं सांगतात. किडलेल्या दातात अळी नसतेच. गोड खाल्ल्यावर जंतू आम्ल तयार करतात आणि ते दात झिजवतं. दुखऱ्या दाढेवर मशेरी दाबणं तर सरळ तंबाखूची ओळख करून देणं आहे. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवली की ती जागा भाजते, आणि मुलांना ॲस्पिरिन देऊच नये.

आपल्या भागात एक गोष्ट जड जाईल, पण सांगायला हवी. गूळ, काकवी आणि मध नैसर्गिक आहेत म्हणून दाताला चालतात, हे खरं नाही. जंतूंना साखरेतली आणि गुळातली गोडी सारखीच, आणि गूळ वर दातांना चिकटून राहतो. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्याचा अभिमान आहेच. तरी मधात बुडवलेली चोखणी बाळाच्या तोंडात नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध चाटवूच नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या मुलांचे वरचे पुढचे दात आधी किडतात. दात आल्यापासून फ्लोराइडची पेस्ट वापरावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी.

पालघरहून ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत दातांची कीडही आहे. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. पथक कीड शोधतं आणि पुढे पाठवतं, उपचार पुढेच होतो. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात राहिली, तर त्या तपासणीचा उपयोग झाला नाही. मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून घ्या. नसेचं काम असेल, तर कऱ्हाडला आणि सांगलीला दंत महाविद्यालयं आहेत आणि दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. जाताना मुलाचं वय, दुखणं कधी सुरू झालं, रात्री उठतं का आणि कोणत्या गोळ्या दिल्या, हे कागदावर लिहून न्या.