हवेतून जाणारी पाकिटे

बिनतारी यंत्राशी खेळणाऱ्या हौशी मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. गच्चीवर एरिअल उभारायची, परीक्षा देऊन सरकारी परवाना व संकेतनाम मिळवायचे आणि दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी गप्पा मारायच्या, हा त्यांचा छंद पुष्कळांना ऐकून ठाऊक असतो. परंतु याच मंडळींनी बोलण्याऐवजी संगणकातला मजकूर हवेतून धाडण्याची खटपट केली, ही हकिगत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पण या व्यवस्थेत मला आपल्या जमाखर्चाच्या वह्यांचेच तत्त्व दिसले, म्हणून हा लेखनप्रपंच.

कल्पनेचे मूळ हवाई बेटांत आहे. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दूरदूरची यंत्रे रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. हौशी मंडळींचा पहिला प्रयोग कॅनडात मॉन्ट्रिअल येथे ३१ मे १९७८ रोजी झाला. पुढे व्हँकुव्हरच्या गटाने संगणक व रेडिओ यांच्यामध्ये बसणारी एक पेटी तयार केली. १९८० मध्ये अमेरिकेतही अशा प्रयोगांना मुभा मिळाली आणि १९८४ मध्ये ‘एएक्स-२५’ या नावाने सर्वांसाठी एकच नियमावली ठरली.

आता ही पेटी करते काय? ती मजकुराचे लहान तुकडे पाडते व प्रत्येक तुकडा जणू पाकिटात घालते. पाकिटावर आधी घेणाऱ्याचे संकेतनाम, मग पाठवणाऱ्याचे. आत जास्तीत जास्त २५६ बाइट मजकूर. आणि शेवटी एक पडताळ्याचा आकडा. हे सारे शून्य-एकच्या भाषेत असते. रेडिओला मात्र आवाजच कळतो. म्हणून पेटी दोन सूर काढते, एक १२०० हर्ट्झचा व दुसरा २२०० हर्ट्झचा. सूर बदलला तर शून्य, तोच राहिला तर एक!

पडताळ्याच्या आकड्यात खरी गंमत आहे. रोजकीर्दीची बेरीज जुळली नाही तर आपण पुढचे पान उलटत नाही. तसेच येथे. घेणारी पेटी मजकुरावरून तोच हिशेब पुन्हा करते. ताळा जमला तर पोचपावती धाडते. न जमला तर ते पाकीट टाकून देते. ठराविक वेळात पावती आली नाही की पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो. वाटेत खरखर कितीही असो, चुकलेला मजकूर सहसा मुक्कामी पोचत नाही.

एकाच लहरीवर अनेकांचे काम चालते. त्यामुळे आधी कानोसा घ्यायचा आणि शांतता असेल तरच बोलायचे, असा दंडक आहे. तरीही मध्ये डोंगर असेल तर दोघांना एकमेकांचा आवाज येत नाही व पाकिटे आदळतात. उंचावर पुनःप्रक्षेपक बसवला की ही अडचण बरीच कमी होते. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरूनही अशी पाकिटे पुढे धाडली गेली.

वेग मात्र बेताचा, सेकंदाला १२०० बिट. दोन हजार इंग्रजी अक्षरांचे पान कोरा हिशेब केला तर १३-१४ सेकंदांत जाते. आजच्या युनिकोड पद्धतीत मराठी वा कन्नड वर्णचिन्हाला प्रत्येकी तीन बाइट लागतात. म्हणजे तेवढ्याच चिन्हांना ४० सेकंद. आपल्या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांना हवेत भाडे सारखेच पडते!

या छंदाचे दोन नियम मला विशेष महत्त्वाचे वाटतात. येथे धंद्याचा निरोप पाठवायचा नाही आणि सांकेतिक भाषेत मजकूर लपवायचा नाही. तरी व्यवहार येथेही शिरलाच. १९८१ मध्ये हॅम मंडळींना इंटरनेटचे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते विनामूल्य मिळाले होते. त्यांतील चौथा हिस्सा, ते सांभाळणाऱ्या ना-नफा संस्थेने २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनला दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकला. पैसा अनुदानांसाठी राखला हे खरे. पण जे सर्वांचे, ते विकण्याचा हक्क कोणाचा, असा वाद उठला. ताळेबंदात हा व्यवहार चोख दिसतो. तरीही मला वाटते, सामायिक ठेव विकण्यापूर्वी ती वापरणाऱ्या सर्वांना विचारायला हवे होते.

भारतातही परीक्षा देऊन हा परवाना मिळतो. विज्ञान शाखेच्या मित्रांनी पुढाकार घेतला, तर हिशेब ठेवायला आम्ही वाणिज्यवाले आहोतच.