तडजोड झाली, पण बेबाकी झाली का?

सांगलीच्या कापडपेठेत आमचा धंदा तीस वर्षांचा. उधारी अडकली आणि एका सहकारी बँकेचे कॅश क्रेडिट थकले. बँकेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला. पुढे तडजोड ठरली. घरातले दागिने मोडून आम्ही ठरलेली रक्कम तीन हप्त्यांत भरली आणि विषय संपला असे समजलो.

दोन वर्षांनी साताऱ्याला आमच्या साडूंच्या दारात वसुली अधिकाऱ्याची नोटीस आली. ते आमचे जामीन, त्यांचे घर तारण. बँकेचे म्हणणे असे, की शेवटचा हप्ता नऊ दिवस उशिरा आला, सबब तडजोड रद्द. सोडलेले व्याजही भरा. जुना दाखला रद्द करून घ्यायचे आम्हाला सुचलेच नव्हते.

वकिलांकडून जे कळले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवतो. एकरकमी परतफेड हा कर्जदाराचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौरच्या नागरी सहकारी बँकेच्या खटल्यात सांगितले. तडजोडीची मुदत न्यायालय वाढवून देऊ शकत नाही, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेट बँकेच्या खटल्यात ठरले. कलम १०१ च्या दाखल्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. शिवाय मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात मे २०२० मध्ये निकाल झाला, की तारण जप्तीचा २००२ चा सरफेसी कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे. जामीनदाराची जबाबदारीही कर्जदाराइतकीच.

आम्हाला तारले ते एका पावतीने. शेवटचा हप्ता घेताना बँकेने तिच्यावर 'तडजोडीपोटी पूर्ण व अंतिम' असे लिहून शिक्का मारला होता. ती पुढे ठेवल्यावर बँकेने नोटीस मागे घेतली. पण मधले सात महिने साडूंनी आमच्या घरचे पाणीही घेतले नाही. त्यांचे काय चुकले होते?

म्हणून सांगतो. तडजोडीचे पत्र लेखी घ्या. त्यात हप्त्यांच्या तारखा आणि जामीनदाराची मुक्तता स्पष्ट लिहून घ्या. हप्ता लांबणार असेल तर मुदत संपण्यापूर्वी बँकेकडून लेखी वाढ घ्या. तोंडी शब्दावर राहू नका, कारण मॅनेजरची बदली होते. पैसे फिटले की बेबाकी दाखला घ्या आणि वसुली दाखला निकाली काढून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर वा तडजोड पूर्ण झाल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. नियम सहकारी बँकांनाही लागू आहे.

दुकानातला हिशेब आपण रोज रात्री मिटवतो. बँकेचाही तसाच, कागदावर मिटवा.