बकासुराची खातेवही

गेल्या दिवाळीत नातीने माझ्या हातात एक इंग्रजी कादंबरी ठेवली. "आजोबा, वाचाच." अमेरिकन लेखिका सुझन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स', २००८ सालची. भविष्यकाळातले पानेम नावाचे राज्य. राजधानी ऐषारामात, बारा जिल्हे तिच्या टाचेखाली. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून चिठ्ठी काढून एक मुलगा आणि एक मुलगी निवडायची. या २४ मुलांनी एकमेकांना मारायचे आणि साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहायचे.

"अगं, हा तर आपला बकासुर!" मी म्हणालो.

"नाही आजोबा, ग्रीकांचा मिनोटॉर."

तिचे बरोबर होते. अथेन्सची सात मुले आणि सात मुली क्रीट बेटावरच्या बैलतोंड्या राक्षसाच्या भक्ष्यस्थानी पडत. थीसिअसची ही कथा आपल्या कादंबरीमागे असल्याचे लेखिकेनेच सांगितले आहे.

कादंबरीत मात्र राक्षस नाही. त्याच्या जागी नियम आहे. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अठराव्या वर्षी सात. घरात खायला नसेल तर माणशी वर्षाचे जेमतेम धान्य आणि तेल मिळते. बदल्यात आणखी एक चिठ्ठी. त्या साठत जातात. सोळा वर्षांची कॅटनिस आई, बहीण आणि स्वतःसाठी धान्य घेते. वयाच्या ५, धान्याच्या १५. एकूण २० चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल अठराचा, त्याच्या ४२.

तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. ग्रामीण शाखेत असताना मार्चअखेरीस मी पीककर्जाचे 'नवे-जुने' करीत असे. जुने कर्ज नव्या कर्जातून फेडलेले दाखवायचे. आकडा व्याजासह वाढलेला. एका शेतकऱ्याने विचारले होते, "साहेब, हे फिटलं का वाढलं?" मी सहीची जागा दाखवली.

कादंबरी संपल्यावर आदिपर्व पुन्हा काढले. एकचक्रा नगरीत पाळी प्रत्येक घरावर येते. पण तो ब्राह्मण रडताना म्हणतो की, माणूस विकत घ्यायला माझ्याजवळ धन नाही. म्हणजे धन असते तर त्याच्या जागी दुसरा कोणी गेला असता! लहानपणी भीमाने फस्त केलेल्या गाडाभर अन्नाच्या नादात हे वाक्य निसटले होते. व्यासांनी ते लिहून ठेवले होते. कॉलिन्सबाईंनी त्याची खातेवही मांडली.

बकासुराला भीमाने मारले. नियमाला मानच नसते, मुरगळणार काय? धाकट्या बहिणीचे नाव निघते तेव्हा कॅटनिस तिच्या जागी पुढे होते आणि जमलेली माणसे टाळ्या वाजवायचे नाकारतात. सुरुवात तेवढ्यानेच होते.

हे सारे नातीला सांगितले. तिने एवढेच विचारले, "त्या शेतकऱ्याला तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"काही नाही. मार्चअखेर होती."