उबवणीचीं अंडीं : महाग घ्यावीं कीं स्वस्त ?

परसांत चार कोंबड्या पाळण्याची हौस शहरांतील पुष्कळ कुटुंबांना असते. एखादी कोंबडी खुडूक बसली, म्हणजे तिच्याखालीं ठेवावयास अंडीं आणण्याचा प्रश्न निघतो, आणि तेथेंच घरांत मतभेद होतो. गृहस्थ म्हणतात, अंडें तें अंडें. दुप्पट दाम कशाला? गृहिणी म्हणते, कोंबडी एकवीस दिवस अडकून पडणार, तर अंडीं तरी चांगलीं असावींत. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून याचा निवाडा हिशेबानेंच करणें बरें.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. दुकानांतील बहुतेक अंडीं नर न ठेवलेल्या कळपांतील असतात. तीं खाण्यास उत्तम. पण त्यांतून पिलूं निघावयाचें नाहीं. उबवणीचें अंडें फलित असावें लागतें, आणि ताजेंहि. थंड जागीं ठेवलेलें अंडें आठवडाभर चांगलें टिकतें. पुढें मात्र पिलूं निघण्याची आशा दिवसागणिक कमी होत जाते. उन्हाळ्यांत साध्या खोलींत ही मुदत आणखी आंखडते.

आतां हिशेब पाहूं. समजा, 10 रुपयांचें एक याप्रमाणें 12 अंडीं 120 रुपयांस आणलीं व पिलें निघालीं 5. म्हणजे पिलामागें 24 रुपये पडले. दुसऱ्यानें 20 रुपयांचीं 12 अंडीं 240 रुपयांस घेतलीं व पिलें निघालीं 9. त्यास एक पिलूं सुमारें 27 रुपयांस पडलें. दुपटीचा फरक पिलामागें तीन रुपयांवर आला ! परंतु महाग अंड्यांतूनहि सहाच पिलें निघालीं, तर प्रत्येकास 40 रुपये पडतील. त्यांत निम्मे नर निघणार, हेंहि लक्षांत ठेवावें. पिलें निघण्याआधीं नफा मोजणें म्हणजे बाजारांत तुरी !

खरा फरक पुढें दिसतो. वाढलेल्या कोंबडीस दिवसास सुमारें 100 ग्रॅम खाद्य लागतें. वर्षाचें तें 36 किलोंच्या वर जातें. खेड्यांतील कोंबडी उकिरड्यावर पोट भरते. बंगल्याच्या परसांत हें सारें विकत आणावें लागतें. थोडीं अंडीं देणारी कोंबडी त्या मानानें थोडें खात नाहीं. म्हणून चांगल्या वाणाच्या अंड्यासाठीं एकदां दिलेले दहा रुपये खाद्याच्या खर्चापुढें क्षुल्लक ठरतात.

रोगाचाहि विचार हवा. पिलांना होणाऱ्या पांढऱ्या हगवणीचे जंतु रेटगर या अमेरिकन शास्त्रज्ञानें 1900 च्या सुमारास दाखवून दिले. हे जंतु वरून निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंडाशयांतून अंड्यांत उतरतात, आणि एका आजारी पिलापासून सारी वीण धोक्यांत येते. मायबाप पक्ष्यांची रक्ततपासणी करून हा धोका पुष्कळसा टाळतां येतो. तपासलेल्या कळपाच्या अंड्यास जास्त भाव देणें योग्यच होय.

मात्र नुसत्या नांवास पैसे मोजूं नयेत. झाबुआच्या कडकनाथाच्या मांसास 2018 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्याची कीर्ति काळ्या मांसासाठीं आहे, अंड्यांच्या संख्येसाठीं नव्हे. गिरिराजासारख्या संकरित कोंबडीची अंडीं महाग घेणेंहि व्यर्थ. कारण संकराचे गुण पुढच्या पिढींत एकसारखे उतरत नाहींत.

चांगलें अंडेंहि हेळसांडीनें वाया जातें. प्रवासांत हादरे बसलेलीं अंडीं निमुळतें टोंक खालीं करून एक दिवस स्थिर ठेवावींत. देशी कोंबडीखालीं दहा-बारांहून अधिक ठेवूं नयेत. सातव्या-आठव्या दिवशीं रात्रीं दिव्यासमोर धरून पाहावें. आंत तांबड्या शिरांचें जाळें न दिसलें, तर तें अंडें काढून टाकावें.

विकत घेतांना तीन गोष्टी विचाराव्या : अंडीं कोणत्या दिवसाचीं, कळपांत किती माद्यांमागें एक नर, आणि कळपाची रोगतपासणी झाली आहे काय ? आठ-दहा माद्यांमागें एक नर हें प्रमाण ठीक असतें. समाधानकारक उत्तर मिळालें, तर गृहिणीचें म्हणणें खरें. दुप्पट दाम खुशाल द्यावा. विक्रेता केवळ जातीचें नांव सांगून गप्प बसला, तर गृहस्थांचें खरें. पैसे खिशांतच राहूं द्यावे.