पाजण्याची पूर्वतयारी

कळमन्याच्या बाजारात धान्याचे माप काट्यावर होते. घरी मात्र बाळंतिणीच्या दुधाचे माप बाळाच्या रडण्यावरून ठरते. बाळ रडले, की ‘दूध पुरत नाही’ म्हणून पावडरीचा डबा येतो. खरे माप निराळे : पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी निदान सहा वेळा लघवी आणि जन्मानंतर घटलेले वजन दोन आठवड्यांत भरून येणे.

डोहाळजेवणाची तयारी आपण महिनाभर आधी करतो, पाजण्याची मात्र नाही! बाळाने केवळ स्तनाग्र नव्हे, भोवतालचा काळसर भागही तोंडात घ्यावा, हे प्रशिक्षित परिचारिकेकडून आठव्या महिन्यातच समजून घ्यावे. चिरा आणि वेदना बहुधा चुकीच्या पकडीमुळे होतात. पिवळसर चीक फेकू नये. पहिल्या तासात पाजावे. सहा महिने औषधाखेरीज पाणीही नको. घुटीतला मध तर आपल्याला दुहेरी वर्ज्य.

स्तनपानासाठी झटणारी ‘बीपीएनआय’ ही संस्था १९९१ मध्ये शेजारच्या वर्ध्यातच स्थापन झाली. शासनाच्या २०१६ च्या ‘मां’ कार्यक्रमात आशाताई व परिचारिकांना हेच शिकवले जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरून स्तन दगडासारखे होतात, तेव्हा सासूबाईंनीच सुनेला प्रसूती झालेल्या रुग्णालयात किंवा शासकीय डागा स्त्री रुग्णालयात न्यावे.