फणा उन्हात, मुळं गारव्यात

नागाने फणा काढावा तशी पानं उभारणारी आणि त्याच पानांत किडे पकडून त्यांच्यावर पोसली जाणारी कोब्रा लिली एकदा पाहिली, की झाडांची हौस असलेल्या माणसाला ती आपल्या घरी हवीशी वाटते. ठाणे जिल्ह्यातल्या चिखलोली, अंबरनाथ, बदलापूरच्या नव्या इमारतींमध्ये अशी हौशी मंडळी पुष्कळ आहेत. बाल्कनीत जास्वंद आणि मोगरा स्थिरावला, की नजर अशा नवलाच्या झाडांकडे वळते. मग पहिला प्रश्न येतो, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो त्या आपल्या भागात हे रोप टिकेल का? टिकेल. मात्र त्यासाठी हवेपेक्षा पाण्याची काळजी जास्त घ्यावी लागेल. हे झाड समजून घ्यायचं तर सुरुवात त्याच्या मुळांपासूनच करायला हवी.

एक खुलासा आधीच केलेला बरा. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या सापकांद्यालाही कोब्रा लिली म्हणतात. तो सुरणाच्या कुळातला कंद आहे आणि तो किडे खात नाही. इथे विषय आहे तो अमेरिकेतल्या डार्लिंगटोनिया कॅलिफोर्निका या कीटकभक्षी वनस्पतीचा.

झऱ्याकाठचं झाड

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, उत्तर कॅलिफोर्निया आणि पश्चिम ओरेगन एवढ्याच पट्ट्यात हे झाड निसर्गतः उगवतं. विल्यम ब्रॅकेनरिज या वनस्पती-संग्राहकाला ते १८४१ साली माउंट शास्ता पर्वताच्या परिसरात सापडलं. त्याने आणलेल्या नमुन्यांना फुलं नव्हती. फुलांसह नमुने हाती यायला आणखी दहा वर्षं गेली आणि १८५३ मध्ये जॉन टॉरी यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. विल्यम डार्लिंगटन या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला मिळालं. ओरेगनमध्ये फ्लोरेन्स गावाजवळ या एकाच वनस्पतीसाठी राखलेलं सरकारी उद्यान आहे.

या झाडाची वस्ती समुद्रसपाटीजवळच्या दलदलीपासून उंच डोंगरातल्या पाणथळ उतारांपर्यंत आढळते. सगळीकडे एक गोष्ट समान असते. झऱ्याचं किंवा वितळलेल्या बर्फाचं गार पाणी मुळांमधून सतत झिरपत असतं. डोंगरातल्या काही ठिकाणी उन्हाळ्यात दुपारची हवा चांगली तापते, तरी पायाखालचं पाणी गारच राहतं. पानं उन्हात आणि मुळं गारव्यात, अशी या झाडाची राहणी आहे.

त्या पाण्यात आणि मातीत नत्र अगदी कमी असतं. बऱ्याच जागी सर्पेंटाइन नावाचा खडक असतो. त्यावरची माती जड धातूंनी भरलेली आणि अन्नद्रव्यांना पारखी असते. बाकीची झाडं जिथे तग धरत नाहीत तिथे कोब्रा लिलीने आपली नत्राची गरज किड्यांकडून भागवायची सोय केली.

पानाचा सापळा

एकच पान नीट न्याहाळू. जमिनीतून एक हिरवी नळी वर येते आणि चढत चढत रुंद होते. माथ्याशी ती फुगून घुमटासारखी होते आणि पुढे झुकते, त्यामुळे तिचं तोंड खाली वळतं. तोंडापाशी दुभंगलेली, लालसर जीभ लोंबते. वाढताना ही नळी स्वतःभोवती अर्धा वळसा घेते, म्हणून एका रोपाच्या सगळ्या फण्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला असतात. किडा कोणत्याही बाजूने आला तरी त्याला एखादं दार समोरच सापडतं.

जिभेवर आणि तोंडाच्या कडेवर मध पाझरतो. मध चाटत किडा आत शिरतो. आत घुमटाच्या छपरावर हरितद्रव्य नसलेले पांढुरके, अर्धपारदर्शक ठिपके असतात आणि त्यांतून उजेड येतो. उजेड म्हणजे बाहेर जायची वाट असं समजून किडा त्या ठिपक्यांवर पुन्हा पुन्हा धडकतो. खरं दार खाली, सावलीत राहून जातं. दमलेला किडा नळीत घसरतो. नळीच्या आतल्या भिंतीवरचे केस खालच्या दिशेने रोखलेले असतात, त्यामुळे उतरणं सोपं आणि चढणं अशक्य होतं.

तळाशी पाणी असतं. घुमटामुळे पाऊस आत येत नाही, तेव्हा हे पाणी झाड मुळांवाटे खेचून स्वतःच नळीत सोडतं. पचनाचं बरंचसं काम जिवाणू करतात. मेट्रिओक्नेमस एडवर्डसी नावाच्या बारीक माशीच्या अळ्या याच नळ्यांमध्ये वाढतात आणि शिकारीचे तुकडे करतात. कुजण्यातून मोकळं झालेलं नत्र पान शोषून घेतं.

ही जीभ शिकारीसाठीच आहे, असं शंभराहून अधिक वर्षं मानलं जात होतं. डेव्हिड आर्मिटेज या संशोधकाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पानांच्या जिभा कापून पाहिल्या. जीभ नसलेल्या पानांतही शिकार कमी झाली नाही. डोळ्यांना पटलेली गोष्ट प्रयोगात टिकतेच असं नाही, हे या झाडाने वनस्पतिशास्त्राला असं दाखवून दिलं.

मुळं का गुदमरतात

मुळंही श्वसन करतात आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. पाणथळ मातीत तो मुख्यतः पाण्यात विरघळलेलाच मिळतो. १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. उलट, तापमान दहा अंशांनी वाढलं की सजीव ऊतींच्या श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे पाणी तापतं तेव्हा मुळांची भूक वाढते आणि ताटातलं कमी होतं. त्यात साचलेल्या कोमट पाण्यात बुरशी आणि कूज फोफावते. पाळलेली कोब्रा लिली बहुधा अशीच, मुळांकडून मरते. पानं काही दिवस हिरवी दिसत राहतात आणि दुखणं ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून हे झाड सांभाळणारे जाणकार मुळांशी तापमान २० अंशांच्या आत ठेवायला सांगतात. चिखलोलीत खरी परीक्षा इथे लागते.

यावर आपल्याकडचा पहिला विचार साहजिकच माठाचा येतो. रोप मातीच्या कुंडीत लावून ती ओली ठेवली तर पाणी झिरपून, बाष्प होऊन गारवा येईल. ते खरं आहे, पण या गारव्याला मर्यादा असते. ती हवेतल्या ओलाव्यावर ठरते आणि तिला वेट बल्ब तापमान म्हणतात. मे महिन्याच्या दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर ओली कुंडी फार तर २४ अंशांपर्यंत उतरेल. ऑगस्टमध्ये हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असते, तेव्हा ती साडेसव्वीसच्या खालीही जाणार नाही. पावसाळ्यात माठातलं पाणी गार लागत नाही ते याचमुळे. हवा सुखद वाटते म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण कोब्रा लिलीला आपला पावसाळा उन्हाळ्याइतकाच जड जातो. रात्रीही पारा उतरत नाही आणि मुळांना उसंत मिळत नाही.

गार पेटी

तेव्हा गारवा बाहेरून पुरवावा लागतो. मासळीबाजारात बर्फ आणि मासे ठेवायला वापरतात ती जाड थर्माकोलची पेटी या कामाला उत्तम. ती स्वच्छ धुऊन घ्यावी आणि तळाशी दोन-तीन इंच शुद्ध पाणी ठेवावं. रोप पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या, खाली भोकं असलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत लावावं. काळी कुंडी ऊन शोषते. पेटीच्या झाकणाला कुंडीच्या मापाचं भोक पाडून कुंडी त्यात बसवावी, म्हणजे पानं बाहेर उजेडात आणि मुळं आत राहतील.

पाण्याने भरून फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ पेटीत बदलत राहणं हा साधा उपाय. मत्स्यालयासाठी मिळणारा चिलर आणि छोटा पंप लावून गार पाणी कुंडीच्या वरून सोडणं आणि खालून पुन्हा फिरवणं हा खर्चिक, पण भरवशाचा उपाय. त्यात पाणी हलतं राहतं आणि त्यात प्राणवायू मिसळतो. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या डिजिटल थर्मामीटरची तार मुळांच्या उंचीवर खोचून ठेवावी. हवेचं तापमान पाहून काहीच कळत नाही, आकडा मुळांशी घ्यावा लागतो. तासन्‌तास वीज गेली तर हाताशी असाव्यात म्हणून गोठवलेल्या बाटल्या चिलर असलेल्यांनीही ठेवाव्यात.

उजेड मात्र भरपूर हवा. पूर्वेकडच्या बाल्कनीतलं सकाळचं तीन-चार तासांचं ऊन आणि नंतर लख्ख उजेड पुरतो. आभाळ दिवसेंदिवस झाकलेलं राहतं तेव्हा एलईडी दिव्याची जोड द्यावी.

पाणी आणि माती

पाण्यात विरघळलेले क्षार या झाडाला सोसत नाहीत. टीडीएस मीटरवर आकडा ५० च्या खाली असावा. बोअरवेलचं पाणी या कामाला बाद, आणि नळाचंही मोजल्याशिवाय वापरू नये. या बाबतीत निसर्ग आपल्या बाजूने आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाच्या पाण्याइतकं क्षारविरहित पाणी फुकटात दुसरं मिळत नाही. अंबरनाथ आणि बदलापूर या दोन्ही शहरांत रासायनिक कारखाने आहेत, त्यामुळे पहिले काही पाऊस हवा आणि छप्पर धुऊन जाऊ द्यावेत. नंतरचं पाणी झाकणाच्या प्लास्टिक पिंपात भरावं. पिंप उघडं राहिलं तर त्यात डास होतील, म्हणून झाकण घट्ट हवं.

नर्सरीत मिळणारं नेहमीचं मिश्रण, म्हणजे लाल माती, शेणखत, कोकोपीट, इथे चालत नाही. खतातलं नत्र मुळं जाळतं आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस आणि परलाइट एवढंच पुरे. वरून कुठलंही खत घालू नये. मटणाचे तुकडे भरवायचा मोहही आवरावा. एकोणिसाव्या शतकात रेबेका ऑस्टिन या निसर्ग-अभ्यासक बाईंनी कॅलिफोर्नियात या झाडाला कच्चं मटण घालून त्याचं पचन तपासलं होतं. तो अभ्यास होता. घरातलं रोप आपले किडे आपण पकडतं.

बी आणि हिवाळा

जिवंत रोप परदेशातून मागवायचं तर आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बियाणालाही क्वारंटीनचे नियम आहेत, त्यामुळे विक्रेता कागद दाखवतो का, हे आधी पाहावं. ऑनलाइन बाजारात निळ्या-जांभळ्या फण्यांचे फोटो लावून भलतंच बी विकलं जातं. कोब्रा लिलीचं खरं बी दोन-तीन मिलिमीटरचं, तपकिरी आणि एका टोकाला जाड असतं, आणि भिंगाखाली त्यावर राठ केसांसारखे काटे दिसतात. ते ओल्या मॉसमध्ये गुंडाळून महिना-दोन महिने फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावं लागतं. थंडी सोसल्याशिवाय ते रुजत नाही. रुजल्यावर पूर्ण वाढलेले फणे दिसायला काही वर्षं जातात.

मोठ्या रोपालाही हिवाळ्यात तीन-चार महिन्यांची विश्रांती हवी आणि त्या काळात १० अंशांखालचा गारवा हवा. बदलापूरच्या थंडीत रात्री पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, पण दुपार पुन्हा तापते. म्हणून लहान कुंडी बाटल्यांच्या पेटीत किंवा थेट फ्रीजमध्ये ठेवतात आणि बुरशी येत नाही ना, हे दर आठवड्याला पाहतात.

आपल्या पाण्याची झाडं

एवढी व्यवस्था जमणार नसेल तर नेपेंथिस कुळातल्या संकरित घटपर्णी घ्याव्यात. उष्ण, दमट हवा त्यांना मानवते आणि चिखलोलीचा पावसाळा त्यांना आवडतो. या कुळातली भारतातली एकमेव नैसर्गिक जात, नेपेंथिस खासियाना, मेघालयात आढळते. तिला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून रानातून काढलेलं रोप कुणी देऊ केलं तरी घेऊ नये.

कीटकभक्षी वनस्पती बघायच्या असतील तर त्या सह्याद्रीतही आहेत. पावसाळ्यात कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, आपल्या चिकट केसांनी चिलटं धरतो. सीतेची आसवे म्हणून ओळखली जाणारी युट्रिक्युलारिया पाण्यातले सूक्ष्म जीव सेकंदाच्या हजाराव्या भागात फुग्यात ओढून घेते. एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांनी १९९२ मध्ये भारतातल्या युट्रिक्युलारियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, एवढं हे वैभव मोठं आहे. यातल्या कित्येक जाती पाऊस संपता संपता बी टाकून सुकतात. कातळावरचं पाणी चार महिन्यांचं, म्हणून त्यांचं आयुष्यही तेवढंच. त्या उपटून कुंडीत आणल्या तर मरतात, तेव्हा त्यांना जागेवरच पाहावं.

कोब्रा लिली आणायचीच असेल, तर रोपाआधी पेटी आणा. तिच्यात नुसतं ओलं मॉस आणि थर्मामीटर ठेवून एक मे आणि एक ऑगस्ट जाऊ द्या. दोन्ही महिन्यांत आकडा २० च्या खाली राहिला, तरच रोपाची मागणी नोंदवा.